एका दिवसाची सहल, तीस वर्षं उशिरा



स्मरणिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी लिहायचं, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे अंगठा दाखवून गप्प बसले. सॉफ्टवेअर इंजिनिअर माणूस लिहिणार काय? आमचं सगळं लिखाण यंत्रासाठी. पण गेल्या हिवाळ्यात आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचनं जी एका दिवसाची सहल केली, ती लिहून काढायचं काम इतिहासाच्या बाईंनी मला नेमून दिलं. त्यांनी मलाच का नेमलं, ते शेवटी येईल. बाईंची अट एकच होती, "तारखा तपासून लिही." तशा तपासल्या आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. जानेवारी १९९५ मध्ये आपण नववीत होतो. बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, या वर्षीची सहल ठाणे, कल्याण आणि अंबरनाथ. वर्गणी चाळीस रुपये. मी दुसऱ्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "बाई, रोज बघतो तेच बघायला पैसे कशाला द्यायचे?" सगळा वर्ग हसला. आठवड्याभरात अकराच जणांचे पैसे जमले, सहल रद्द झाली आणि आपण पाळण्यांच्या आणि घसरगुंड्यांच्या बागेत गेलो. बाई आपल्याबरोबर तिथंही आल्या, झाडाखाली बसून राहिल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या वर्षी कोणीतरी ग्रुपवर टाकलं की हल्ली 'हेरिटेज वॉक' असतात, वाटाड्या बरोबर असतो, आपणही एक करू. पुरातत्त्व शिकलेला एक तरुण वाटाड्या ठरला. बाईंना आमंत्रण द्यायला आम्ही तिघी गेलो, तर त्यांनी कपाटातून एक वही काढली. आत १९९५ चा पूर्ण आराखडा होता. कुठे किती मिनिटं, कुठे पाणी प्यायचं, कुठे मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, सगळं. आम्ही वाटाड्याला म्हटलं, मार्ग हाच ठेवू. त्यानं वही चाळली आणि म्हणाला, "याच्यात बदल करण्यासारखं काही नाही."

सकाळी पावणेसातला बाळकुम नाक्यावरून मिनी बस सुटली. बाई पहिल्या सीटवर, हातात काठी. आमच्यात एक डॉक्टर, दोन शिक्षिका, एक किराणा दुकानदार, एक रिक्षासंघटनेचा पुढारी आणि तीन-चार माझ्यासारखे कीबोर्ड बडवणारे.

पहिला थांबा मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वर. तलावपाळीला आपण आयुष्यात किती वेळा गेलो असू? पण ठाणं राजधानी होतं, हे मला 'पाठ' होतं, 'माहीत' नव्हतं. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत होतं आणि त्यांच्या ताम्रपटांत 'स्थानक' किंवा 'श्रीस्थानक' म्हणून जे नगर येतं ते हे. त्यांच्यातला बाराव्या शतकातला राजा अपरादित्य यानं याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. 'अपरार्क' या नावानं ती ओळखली जाते आणि हिंदू धर्मशास्त्राच्या अभ्यासात आजही तिचा आधार घेतात. याच राजानं तेजकंठ नावाच्या पंडिताला काश्मीरला पाठवलं होतं, आणि तिथल्या विद्वानांच्या सभेत तो हजर असल्याचं मंखानं 'श्रीकंठचरित' या काव्यात नोंदवलं आहे. म्हणजे आपल्या गावचा माणूस नऊशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या परिषदेला गेला होता. आमच्या कंपनीत परदेशी परिषदेला कोणी गेलं की आठवडाभर चर्चा असते.

आजचं कौपिनेश्वराचं देऊळ मात्र शिलाहारांचं नाही. ते १७६० च्या सुमाराला मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलं. हे नाव लक्षात ठेवा, कल्याणला पुन्हा भेटणार आहे. तलावाच्या जवळच सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च आहे, पोर्तुगीजांच्या काळाची आठवण. त्याहीआधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोनं 'ताना'च्या राज्याबद्दल लिहिलं. तिथलं कातडं आणि सुती कापड त्यानं मुद्दाम नोंदवलं आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, आणि लवकरच इथं आलेला ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. एका तळ्याच्या काठावर उभं राहून एवढी माणसं आठवावी लागली. आमचा किराणावाला मित्र म्हणाला, "आपण इथं फक्त भेळ खाल्ली."

दुसरा थांबा तुरुंगाची भिंत. आत जाता येत नाही, म्हणून बाहेर रस्त्यावरच उभे राहिलो. कॉलेजची चार वर्षं मी बसमधून या भिंतीजवळून गेले. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, आणि तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथंच कोंडलं होतं, आणि १८१६ च्या सप्टेंबरमध्ये तो इथून निसटला. घोड्याच्या मोतद्दारानं भिंतीखाली गाणी म्हणत त्याला निरोप पोचवला, अशी गोष्ट बिशप हेबरनं लिहून ठेवली आहे. आणि १९ एप्रिल १९१० ला याच भिंतींच्या आत अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही नववीत होतात त्याहून चार वर्षांनी मोठा." मग कोणी काही बोललं नाही.

इथं वाटाड्याला कोणीतरी विचारलं, किल्ल्यातून घोडबंदरपर्यंत भुयार आहे ना? प्रत्येक किल्ल्याला भुयार असतंच, अशी आपली समजूत. तो हसून म्हणाला, "खाडी समोर असताना भुयार कशाला खणतील? होडीनं जातील." हे उत्तर मला फार आवडलं. आमच्या कामात एखादी चूक सापडली की आधी साधं कारण तपासतात, मग अवघड. इतिहासालाही हाच नियम लागू पडतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मग ठाणे स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटलेली गाडी इथं पोचली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौतीस किलोमीटर अंतर. हे आपल्याला पाचवीपासून पाठ आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही. वर्षभरातच, मे १८५४ मध्ये, रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. आम्ही मुद्दाम धीम्या लोकलनं निघालो, कारण बाईंच्या वहीत तसंच होतं. "धीमी गाडी मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालते, तो जुना मार्ग. डोंगरातून सरळ जाणारा पारसिकचा बोगदा १९१६ चा. उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्या बघायला सांगणे," असं तिथं लिहिलं होतं. आम्ही बघितल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी. रूळ टाकणाऱ्यांना जागा किती थोडी होती ते डोळ्यांना दिसलं.

कल्याणला बस आमच्या आधी पोचली होती. थेट दुर्गाडीवर गेलो. खाली उल्हास नदीची खाडी. वाटाड्यानं इथं अर्धा तास घेतला आणि तो या सहलीतला सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

कल्याण हे ठाण्याहून कितीतरी जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या नावांत कल्याणचे व्यापारी आहेत. म्हणजे आपण ज्याला 'लांबचं स्टेशन' म्हणतो तिथल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास बोरिवलीच्या डोंगरातल्या भिक्षूंसाठी पाण्याची टाकी आणि लेणी करून दिली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याण 'कल्लिएना' म्हणून येतं. त्यात लिहिलं आहे की पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता सत्ता बदलली आहे, आणि चुकून इथं आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला पाठवली जातात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी-साधू इथलं पितळ, काळं लाकूड आणि कापड यांची नोंद करतो. राज्य बदललं की बंदराचे नियम बदलतात, पण पाणी तेच राहिल्यामुळे माणसं येत राहतात.

२४ ऑक्टोबर १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांचं आरमार इथल्या खाडीत आकाराला येऊ लागलं. जहाजं बांधायला सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर घेतले होते. रुय लैतांव व्हिएगश हा त्यांचा प्रमुख. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना पटवून परत बोलावलं, कारण ही जहाजं उद्या आपल्याच विरुद्ध जातील हे त्यांना कळलं होतं. ज्याला आज आपण 'तंत्रज्ञान बाहेर जाऊ न देणं' म्हणतो, तेच हे.

दुपारी जुन्या गावातून फिरलो. सुभेदारवाड्याच्या गल्लीत बाईंनी विचारलं, "सुभेदार कोण?" सगळे गप्प. "सकाळी ऐकलंत की!" रामाजी महादेव बिवलकर. ठाण्याचं देऊळ बांधणाऱ्या माणसाचा कारभार कल्याणहून चालायचा. दोन शहरं वेगळी, असं आपल्याला लोकलच्या वेळापत्रकामुळे वाटतं.

या जुन्या कल्याणातल्या जोशी घराण्यात १८६५ मध्ये यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न टपालखात्यातल्या गोपाळराव जोशींशी झालं, चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि दहा दिवसांत तिचं मूल गेलं. ती डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये बोटीनं अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती गेली, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आनंदीबाईंचं नाव आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्या गल्लीत उभं राहून माझी आई आठवली. चौथीत शाळा सुटलेली. मी इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर घरात पंधरा दिवस बोलणी चालली होती, आणि शेवटी आईच म्हणाली, "जाऊ दे तिला, मी बघते." ती काय बघणार होती ते मी कधी विचारलं नाही. चार वर्षं पहाटे पाचला उठून तिनं डबा दिला. आमच्यातली डॉक्टर मैत्रीणही तिथं बराच वेळ गप्प उभी होती. तिचंही काहीतरी असेल.

साडेतीनला अंबरनाथ. वालधुनीच्या काठचं काळ्या दगडाचं शिवमंदिर. आत शिलालेख आहे, शके ९८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १०६०. तेव्हा ठाण्यात शिलाहार राजा मुम्मुणी राज्य करत होता. गर्भगृह जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर नसल्यामुळे आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतीवर हात फिरवावा इतकं कोरीवकाम, पण हात फिरवू नका. शेकडो वर्षांच्या हातांनी काही चेहरे गुळगुळीत झाले आहेत.

वाटाड्यानं इथं एक गोष्ट सांगितली. श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरला एक ताम्रपट सापडला, तोही शके ९८२ चाच, आणि तो मराठीत आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे एकाच वर्षी याच राजवटीच्या मुलखात देवळावर संस्कृत कोरली जात होती आणि गावच्या व्यवहाराची नोंद मराठीत होत होती. हा लेख मी ज्या भाषेत लिहिते आहे, ती त्या तांब्याच्या पत्र्यापासून इथपर्यंत आली.

परतताना बस कल्याण-भिवंडी रस्त्यानं आली. अंधार पडत आला होता, निम्मे लोक झोपले होते. काशेळीचा पूल आला आणि बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "पुलाच्या अलीकडे बाजूला घ्या, दहा मिनिटं."

मला वाटलं त्यांना बरं वाटत नसेल. त्यांनी वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "६.३०, काशेळी पूल. सरहद्द समजावणे."

मग त्या उतरल्या आणि काठीवर भार देऊन पलीकडच्या बाळकुमच्या दिव्यांकडे तोंड करून बोलल्या. आपण राहतो ते साष्टी बेट. उल्हास नदी इथं येते, तिचं मुख्य पाणी घोडबंदरवरून वसईला जातं, आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. त्या वळणाच्या कोपऱ्यावर बाळकुम. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, त्याबरोबर साष्टीही गेली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांकडे आली, पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे पुढची ऐंशी वर्षं या पाण्याच्या पलीकडे पोर्तुगालचा राजा आणि अलीकडे कधी मराठे, कधी मोगल. १७३७ ची मोहीम व्हावी म्हणून धडपडणारे गंगाजी नाईक इथून जवळच्याच, अंजूरचे. त्यांना पलीकडचं जाच सोसणारं गाव डोळ्यांनी दिसत होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि दोन्ही काठ एक झाले. पस्तीस वर्षांनी इंग्रजांनी ठाणं घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, आणि पुन्हा याच पाण्यावर सरहद्द आली. ती पेशवाई बुडेपर्यंत होती. त्रिंबकजी निसटला तेव्हा खाडी ओलांडली की पेशव्यांचा मुलूख होता, तो असा.

मी ऐकत होते आणि मला माझी आजी आठवत होती. आजी बाळकुमला दिलेली, माहेर काल्हेरचं. माहेराला ती गावाच्या नावानं कधी म्हणायची नाही, "पल्याड" म्हणायची. पल्याड गेले होते, पल्याडची माणसं आली. माझे वडील सव्वीस वर्षं सायकलनं हा पूल ओलांडून भिवंडीला पॉवरलूमवर कामाला गेले. हातात बिल्ला नाही, दस्तक नाही, कोणी अडवलं नाही. आमच्या घराला ही खाडी म्हणजे फक्त पावसाळ्यात वास येणारं पाणी वाटायची. या पाण्यावरून राज्यांनी तह केले होते, हे मला इंजिनिअर होऊन, अर्धं जग फिरून, पंचेचाळिशीला आल्यावर कळलं. ते सांगायची तयारी बाईंनी १९९५ मध्येच केली होती.

मी म्हटलं, "बाई, तेव्हा मी वर्गात बोलले..."

"आठवतंय. वर्गाला हसवलंस."

"चुकले."

"प्रश्न बरोबर होता," बाई म्हणाल्या. "रोज बघतो ते बघायला पैसे कशाला. मलाच त्या वेळी उत्तर देता आलं नाही. तुझं गाव शेवटी ठेवलं होतं, म्हटलं तिथं आल्यावर कळेल. पण तिथपर्यंत आलोच नाही आपण." मग वही परत घेतली आणि म्हणाल्या, "आता लिहून काढ."

म्हणून हे लिहिलं. आता एक व्यावहारिक सूचना, आणि ती मेळाव्याच्या सभेत मांडावी अशी विनंती. दरवर्षी शाळेच्या नववीच्या वर्गाची एक सहल याच मार्गानं जावी. बस आणि जेवणाचा खर्च आपल्या बॅचनं करावा. पहिल्या पाच वर्षांची माझी वर्गणी मी चिटणिसांकडे दिली आहे. बाईंच्या वहीची प्रत काढून शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे, वेळा आजच्या रहदारीप्रमाणे बदलून. काशेळी पुलावर हल्ली बस थांबवता येत नाही इतकी गर्दी असते, म्हणून शेवटचा थांबा बाळकुमच्या बाजूनं खाडीकाठी घेतला आहे. तिथून पल्याड नीट दिसतं.

मुलांपैकी कोणी उठून विचारलं की रोज बघतो ते बघायला पैसे कशाला, तर त्याला किंवा तिला पहिल्या सीटवर, वाटाड्याच्या शेजारी बसवावं.